आग कुठंय ते दाखव

दोष माझ्या बापाचा. शंभर टक्के! आईचा थोडा, कॉलेजचा थोडा, हे असलं गुळमुळीत मी बोलणार नाही. माझे वडील, अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी, यांच्यामुळे माझी दोन वर्षं मातीत गेली आणि आता हाच माणूस बाहेर काकाला फोनवर सांगतोय, "अरे, मुलाला मीच शिकवलं, मन कसं ताब्यात ठेवायचं ते!" ऐकताय ना? मीच शिकवलं! मी आतल्या खोलीत बसलोय, भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतंय, आणि मी काय करतोय? तर श्वासाकडे लक्ष देतोय. दुसरं काय करणार!

तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटेल की म्हाताऱ्याचंच बरोबर.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. परीक्षेचा हॉल. पेपर अवघड होता का? नव्हता! पहिला प्रश्न मला येत होता, दुसरा तर पाठ होता, आणि पेनाचं टोपण काढलं आणि एकदम छातीत कुणीतरी ढोल बडवायला लागलं, हाताला मुंग्या, घशात बोळा, डोळ्यापुढे कागद पांढरा, समोरचा पर्यवेक्षक लांब लांब चाललाय असं वाटायला लागलं, आणि एकच गोष्ट डोक्यात... मी मरतोय. आत्ता. इथे. या बाकावर. उठलो आणि पळालो. पेन तिथंच, टोपण हातात. घरापर्यंत टोपण हातात!

घरी आलो. पिताश्री पेपर वाचत बसलेले.

"लवकर सुटला?"

"नाही, मी उठून आलो. मला... काहीतरी व्हायला लागलं."

"काय? आग लागली होती?"

"नाही."

"धूर?"

"नाही."

"छत पडत होतं? गळती? सायरन वाजला?"

"नाही बाबा, पण मला वाटलं की..."

"वाटलं!" चष्मा काढून टेबलावर. हा चष्मा काढून टेबलावर ठेवला की समजायचं, आता व्याख्यान. "अरे, मी आयुष्यभर लोकांना बाहेर काढलं. शिडीवर चढून काढलं, धुरातून काढलं. ते घाबरले तर मी समजू शकतो, त्यांच्या मागे आग होती. तुझ्या मागे काय होतं? आग कुठंय? दाखव मला. आग कुठंय ते दाखव!"

आता कशी दाखवायची? छाती उघडून?

आणि तुम्हाला सांगतो, ते वाक्य म्हणजे घरात कायमचं राहायलाच आलं. मी बसमधून मधेच उतरलो, चालत घरी आलो: आग कुठंय? लिफ्ट सोडून जिन्यानं गेलो: आग कुठंय? केस कापायला गेलो, न्हाव्यानं गळ्याभोवती ते कापड आवळलं, आणि मी कापडासकट, अर्धं डोकं कापलेलं, रस्त्यावर! न्हावी मागे ओरडतोय, "अहो, माझं कापड!" गल्लीतून मी पांढरा झगा घालून पळतोय, शेजारच्या काकू बाल्कनीतून बघतायत, आणि दारात उभे कोण? "आग कुठंय रे?"

आईचं वेगळंच. आईच्या मते जगातले सगळे आजार पोटात सुरू होतात. "पोट साफ झालं का तुझं?" अगं आई, मला वाटतंय मी मरतोय. "तेच म्हणते मी, पोट साफ नसलं की असंच वाटतं."

कॉलेज सुटलं. सुटलं म्हणजे सोडलं. नातेवाइकांना सांगताना बाबांचा आवाज असा, जसं घरात कुणी गेलंय. "नाही हो... तो सध्या... घरीच असतो." मला कानाखाली मारली असती तर परवडलं असतं! मला काय हवं होतं, सांगा? सहानुभूती नको होती. मला या माणसाकडून एकच वाक्य हवं होतं, की बाबा रे, तुला खरंच होतं, तू नाटक करत नाहीस. एक वाक्य! शिडीवर चढून परक्या माणसाला खांद्यावरून खाली आणणाऱ्याला घरातल्या घरात एक वाक्य खाली उतरवता येईना.

शेवटी आईच मला हॉस्पिटलात घेऊन गेली, पोटाच्या डॉक्टरकडे. ते भले गृहस्थ. पोट दाबून बघितलं, म्हणाले, "पोट उत्तम आहे, वरच्या मजल्यावर जा." वरच्या मजल्यावर मानसोपचार. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला नाव दिलं. पॅनिक डिसऑर्डर. चिंतेचा आजार, असा असतो, पुष्कळांना असतो, बरा होतो. मला तर रडूच आलं. नाव आहे म्हणजे खरं आहे ना!

पुढच्या वेळी बाबाही आले. डॉक्टर समजावून सांगतायत, मेंदूतली धोक्याची घंटा, नसताना वाजते, वगैरे. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मराठीत भित्रा."

डॉक्टरांनी गोळी दिली, खोटं कशाला सांगू, गोळीचाही उपयोग झाला. आणि एका गटात घातलं. माइंडफुलनेस. आठवड्यातून एकदा, हॉस्पिटलातच, तळमजल्यावर.

"म्हणजे करायचं काय?" बाबा.

"बसायचं. श्वासाकडे लक्ष द्यायचं. जे होतंय ते बघायचं."

"डोळे मिटून?"

"हो."

"आडवं पडून?"

"कधी कधी."

"मग हे तो घरीच करतो की! रोज सकाळी दहापर्यंत!"

असो. आता ती गटाची खोली डोळ्यापुढे आणा. गोलात खुर्च्या, एक कपाट, एक घड्याळ, आणि दार एकच. लक्षात ठेवा, दार एकच! आणि आत येणारा प्रत्येक माणूस कसा? ज्याला आधी दार दिसतं, मग माणसं दिसतात, असा! दाराजवळच्या त्या खुर्चीसाठी काय मारामारी, अहो, निवडणुकीला नसते! वेळ चारची. पहिल्या दिवशी मी जरा आधी गेलो, तर तिथे एक बसड्रायव्हर आधीच बसलेला. भला थोरला माणूस, मिशा अशा, आणि पूल आला की याचे पाय गार पडायचे. पूल टाळायला बस दुसऱ्या रस्त्यानं नेली होती यानं, प्रवाशांसकट! पुढच्या आठवड्यात मी त्याच्या आधी गेलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक दाताचा डॉक्टर आम्हा दोघांच्या आधी, खुर्चीवर बॅग टाकून. हो, दाताचा डॉक्टर! लोक याला घाबरतात, हा लोकांना घाबरायचा. पेशंटनं आ केला की याच्याच छातीत धडधड. मग ड्रायव्हर जेवणाचा डबाच घेऊन यायला लागला, खुर्चीवर बसूनच जेवायचा. पण शेवटी जिंकलो मी. दोघांना नोकरीधंदा होता, मला नव्हता! बेकारीचा एवढा उपयोग मला दुसरीकडे कुठेच झाला नाही. ती खुर्ची माझी. पाठ भिंतीला, हात दाराच्या कडीपासून वीतभर. राजा!

गट घेणाऱ्या मॅडम हे सगळं बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. त्यांचं तत्त्वच ते. आवाज असा, कोमट पाण्यासारखा: "काही बदलायचं नाही... काही हाकलायचं नाही... नुसतं बघायचं."

पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका. एक! "ही मनुका आधी कधी पाहिलीच नाही असं समजून बघा... तिच्यावरच्या सुरकुत्या बघा... वास घ्या... जिभेवर ठेवा, चावू नका..." सगळीकडे शांतता, आणि त्या शांततेत ड्रायव्हर म्हणतो, "मॅडम, माझी गेली पोटात. दुसरी मिळेल का?" आणि दातवाला ओठ घट्ट मिटून, "मी घेणार नाही, दाताला चिकटते." मी हसलो. तुम्हाला सांगतो, कित्येक महिन्यांनी चार भिंतींच्या आत हसलो मी.

मग तो अंगठा. जमिनीवर आडवं पडायचं आणि अंगाचा एकेक भाग मनानं तपासत जायचा, आणि सुरुवात कुठून? "डाव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्या... तिथे काय जाणवतंय... गार, गरम, मुंग्या, काहीच नाही... जे असेल ते." हे घरी रोज करायचं. मी रोज आडवा. आणि रोज दार उघडून, "झोपलास?"

"नाही बाबा. अंगठ्याकडे लक्ष देतोय."

"कशाकडे?"

"डाव्या पायाच्या अंगठ्याकडे."

दार बंद. मग बाहेरून फोनवर, काकाला, "अरे काय सांगू, एवढा घोडा झालाय, अंगठा बघत पडलाय. हो, हो, पायाचा!"

बरं, नुसती थट्टा केली असती तर ठीक. पण हा कवायत घेणारा माणूस! याला कुठलीही गोष्ट दिसली की तिची तपासणी करायची खाज. चार दिवसांनी मनगटावर घड्याळ लावून माझ्या डोक्याशी उभे. "हं, सुरू कर. मन रिकामं झालं का?"

"मन रिकामं करायचंच नसतं बाबा."

"मग? आत्ता मनात काय आलं?"

"आत्ता? तुम्ही जावं असं आलं."

"बघ! विचार आला. नापास!"

रोज नापास! श्वास घेण्यात नापास होणारा जगातला पहिला विद्यार्थी मी. यांची पक्की समजूत, की दवा लागू झाली म्हणजे मनात काही यायचं बंद झालं पाहिजे, नळ बंद केल्यासारखं. आणि तिकडे मॅडम सांगतात, येऊ दे, येणारच.

आणि सोपं नव्हतं हो ते. लोकांना वाटतं डोळे मिटले की शांत वाटतं. कसलं शांत! आधी वाढतं! इतके दिवस ज्याच्यापासून पळत होतो त्याच्याच समोर खुर्ची टाकून बसायचं. एकदा गटात बसल्या बसल्या आलाच झटका. पूर्ण. ढोल, मुंग्या, बोळा, सगळा लवाजमा. माझा हात कडीवर. मी ओरडलोच, "मॅडम, बघायचं काय यात? मरतोय मी इथे!"

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "मरतोय असं वाटतंय. कुठे वाटतंय?"

"छातीत!"

"केवढं आहे? बशीएवढं? ताटाएवढं?"

असा राग आला मला! इथे जीव चाललाय आणि बाई भांड्यांची मापं विचारतायत. पण विचारलं म्हणून बघितलं. बशीपेक्षा मोठं होतं.

"कडा कुठे आहे त्याची? जिथे ते संपतं, ती जागा शोधा."

मी कडा शोधायला लागलो. डावीकडे इथपर्यंत... उजवीकडे... ही नाही, जरा आत... आणि शोधता शोधता काय सांगू तुम्हाला, ते लहान व्हायला लागलं! मी काही केलं नाही. हाकललं नाही, समजावलं नाही. चढलं, थांबलं, उतरलं. माझ्या डोळ्यादेखत उतरलं! आणि मी दाराबाहेर नव्हतो. आत होतो. खुर्चीवर. ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, टाळ्या नकोत. आम्ही सगळ्यांनी वाजवल्या.

त्या आठवड्यात न्हाव्याकडे गेलो. त्यानं आधी कापड लपवलं. मी म्हटलं, बांध. बांधलं. आला ढोल, ये. पहिली कात्री, दुसरी कात्री, मी अंगठ्यापासून मानेपर्यंत हिंडून आलो, आणि पूर्ण, दोन्ही बाजूंनी, डोकं कापून घरी आलो! दारात बाबा. "केस कापलेस? त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! बघितलंत? आग होती तेव्हा दिसली नाही, विझवली तरी दिसत नाही!

पण थांबा. आता खरी गंमत.

बाबांनी कपाट सरकवलं. एकट्यानं. या वयात. आई म्हणत होती, अहो, त्याला हाक मारा, तर "त्याला? तो कपाटाला घाबरेल!" कंबरेत उसण, मग पायात कळ, मग डॉक्टर म्हणाले, एमआरआय काढा. आईचा गुडघा दुखत होता, म्हणून बरोबर मी. "हा येणार? मशीन बघून हाच आधी पळेल!" रिक्षात पूर्ण वेळ हेच.

ते मशीन बघितलंय ना तुम्ही? भिंतीत गाडलेली पांढरी नळी. माणसाला फळीवर निजवायचं, पट्ट्या बांधायच्या, हातात एक रबरी फुगा द्यायचा, त्रास झाला तर दाबा, बाहेर घंटा वाजते म्हणायचं, आणि आत ढकलायचं. तंत्रज्ञ तरुण पोरगा, दिवसभर हेच करून वैतागलेला. "नातेवाईक आत बसले तरी चालतात, अंगावर धातू नको." बाबा म्हणाले, "नको नको, तो बाहेर बसेल. दाराजवळ!" तंत्रज्ञाकडे बघून डोळा मारला. डोळा! कबूल करतो, त्या क्षणी जन्मदात्याबद्दल माझ्या मनात जे आलं ते मी नुसतं बघितलं.

गेले आत. फुगा वाजला.

"काका, काय झालं?"

"काही नाही. पट्टी जरा घट्ट."

सैल केली. गेले आत. फुगा!

"आता काय?"

"हवा खेळती नाहीये आत. आणि बाहेर पडायचा दुसरा मार्ग कुठंय?"

"काका, हे मशीन आहे, थिएटर नाही! हलू नका."

तिसऱ्यांदा तर फुगा थांबेचना. बाहेर काढलं. अहो, तो चेहरा! राखेसारखा. कपाळावर घाम, ओठ सुकलेले, झगा मुठीत धरलेला. ततपप. "अॅटॅक... मला अॅटॅक आलाय... मुलाला बोलवा." नर्स धावली, नाडी बघितली, रक्तदाब बघितला, डॉक्टरही येऊन छाती तपासून गेले. "हृदय ठणठणीत आहे. घाबरलेत." तंत्रज्ञ घड्याळ बघतोय, "मग पुन्हा कधीतरी या, झोपेचं औषध देऊन काढू."

आणि मी दारात उभा. मी तो चेहरा ओळखला. ओळखणारच! रोज आरशात बघितलाय. पाचावर धारण बसलेली, आणि कुणाची? ज्यानं जळत्या इमारतींतून माणसं काढली त्याची!

जवळ गेलो. दोन वर्षं जिभेवर तयार ठेवलेलं वाक्य होतं. धार लावून ठेवलं होतं.

"बाबा, आग कुठंय? दाखवा मला."

नर्सनं माझ्याकडे असं बघितलं की हा मुलगा आहे की वैरी. पण बाबांना कळलं. डोळे भिरभिरले, छताकडे, भिंतीकडे, माझ्याकडे.

"नाहीये," म्हणाले. "आग नाहीये रे. पण... पण लागलीये!"

संपलं! जिंकलो! तुम्हाला सांगतो, त्या खोलीत एक ढोल आणायचा बाकी होता. पण हातात माणूस होता थरथरणारा, आणि कंबर तर बघायलाच हवी होती. खिशातल्या किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, तंत्रज्ञाला म्हटलं, "मी आत बसतो. चला."

दार बंद झालं. फ्रीजचं होतं तसं, पण हातभर जाड. कडी आतून माझ्यापासून लांब. आणि माझ्या छातीतही वाजला सायरन, का नाही वाजणार? म्हटलं, ये, तूही बस. बाबा नळीत, बाहेर फक्त पाय. मी त्यांचा डाव्या पायाचा अंगठा धरला.

"बाबा, अंगठा."

"काय?" नळीतून.

"तुमचा अंगठा माझ्या हातात आहे. गार आहे की गरम?"

"ही काय वेळ आहे का..."

"गार की गरम?"

"...गार."

"बास. तिथेच राहा. भीती येईल, येऊ दे. केवढी आहे?"

"मोठ्ठी!"

"कडा शोधा."

आणि सुरू झाला तो आवाज, रस्ता फोडतात तसा, मधे थांबतो, पुन्हा. आवाज थांबला की मी ओरडायचो, "अंगठा!" आतून उत्तर, "आहे!" पुन्हा ठणठण. "अंगठा!" "आहे!" तंत्रज्ञ माइकवरून केविलवाणा, "काका, बोलू नका हो, चित्र हलतं!" मग मी नुसता हलकेच दाबायचो. एका हातात बापाचा अंगठा, आणि लक्ष अर्धं माझ्या छातीवर. फुगा वाजला नाही. शेवटपर्यंत नाही.

बाहेर आलो. बाकावर बसलो. बाबा बूट घालत होते, नाडी बांधायला वाकता येईना, मी बांधली. वरून आवाज आला.

"तुला त्या परीक्षेत... असं झालं होतं?"

"असंच."

"आणि बसमध्ये?"

"हो."

"न्हाव्याकडे? एवढ्याशा कापडानं?"

"एवढ्याशा कापडानं, बाबा."

दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाले, "मी असतो ना, तर पेपर हातात पडायच्या आधीच पळालो असतो."

अहो, हेच वाक्य! शिडीवरून उतरलं एकदाचं! मी दुसरी नाडी दोनदा बांधली, वर बघायला नको म्हणून.

आता सांगा, इथे गोष्ट संपायला हवी की नको? इतर कुणाचा बाप असता तर संपली असती. दुसऱ्या दिवशी स्वारी डॉक्टरांपुढे हजर, "मलाही त्या गटात घाला." डॉक्टर म्हणाले, "एकदाच झालंय, गरज नाही." "आहे!" घातलं. आणि कवायतीचा माणूस हो! चारच्या वर्गाला हा जेवण उरकून लगेच निघतो, शिपायानं खोली उघडायच्या आधी हा दारात. ड्रायव्हरचा डबा हरला, दातवाल्याची बॅग हरली. आणि मी? मी तर हल्ली लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे काम शिकतोय, हो, लिफ्ट! दोन मजल्यांच्या मधे अंधारात लटकून स्क्रू आवळतो, छातीत वाजलं तर वाजू देतो. कॉलेजात परत जाणार नाही, हे तोंडावर सांगितलं त्यांना, आवाज न चढवता. ते म्हणाले, "राग आलाय मला." मी म्हटलं, "केवढा आहे?" तर विचार करून म्हणाले, "ताटाएवढा." बसले बिचारे कडा शोधत!

पण काम संपवून मी गटात पोचतो तोवर पिताश्री ऐसपैस. पाठ भिंतीला, हात कडीपाशी. "बाहेर पडायचा मार्ग नेहमी जवळ ठेवावा, तीस वर्षं हेच शिकवलंय मी." आणि वर सगळ्यांना सूचना, ड्रायव्हरला "मिशी ओढू नका, नुसतं बघा", मॅडमना "आवाज जरा मोठा ठेवा". मॅडम काय म्हणतात? काही नाही. नुसतं बघतात.

मी बसतो समोर, कपाटाशेजारी. दारापासून सगळ्यांत लांब.

माझी खुर्ची गेली.